झाडीपट्टीतली नटी आणि आपण

मैत्रिणींनो, नागपूरहून पूर्वेला गेलं की झाडीपट्टी लागते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीचा हा धानाचा मुलूख. दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते आणि नाटकं सुरू होतात. कंपन्यांचं ठाणं वडसा. उन्हं तापेपर्यंत हा हंगाम चालतो, रात्री सुरू झालेलं नाटक पहाटे संपतं. २०२३ साली इथल्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, याचा आनंदच आहे.

मला बोलायचं आहे ते नटीबद्दल. दंडारीत, खडी गंमतीत बाईचं काम पुरुषच करत. बाया रंगमंचावर आल्या त्या नंतर. आज त्यांच्याशिवाय तिकीट खपत नाही. पण तीच बाई पहाटे कंपनीच्या गाडीत बसली की पारावर तिच्या चालीची चर्चा! मंडईला आलेले पाहुणे सोयरिकी जुळवतात. हिला सून करून घ्यायला किती जणी तयार आहेत? हा प्रश्न मी आपल्याच बायांना विचारते आहे.

नाटक ठरवतं गावचं मंडळ, म्हणजे बहुधा पुरुष. त्यांना आपण अटी घालू: कपडे बदलायला कडी लागणारी खोली, संडास, लेकरू निजवायला जागा. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला बाया एकत्र निघतात, तेव्हाच हा विषय काढा. दिवाळीपर्यंत थांबलात तर मंडळाचा सौदा झालेला असेल.