आधी शिकवणाऱ्याची झडती



मराठी ख्रिस्ती समाजाच्या संमेलनात दोन तसबिरींना हमखास हार पडतात: पंडिता रमाबाई आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक. हार घालून झाला की त्या दोघांचं काम संपतं. मग नव्या पिढीची चिंता सुरू होते. पोरं मोबाइलमध्ये अडकली, संडेस्कूल ओस पडलं, तरुण उपासनेला येत नाहीत, असा पाढा वाचला जातो आणि सगळा दोष पोरांच्या पदरात टाकून मंडळी जेवायला उठतात. आजचं अध्यक्षीय भाषण या रिवाजाविरुद्ध आहे. पोरं शिकत नाहीत, हे साफ खोटं आहे. ती फार बारकाईनं शिकत आहेत. घरात, पंच कमिटीच्या बैठकीत आणि लग्नाच्या बोलणीत वडीलधारे जे करतात, ते ती शिकत आहेत.

तसबिरीतल्या त्या बाईंकडे नीट पाहावं. ११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. इंग्लंडमधल्या वाँटेज इथं त्यांचा बाप्तिस्मा होऊन तेव्हा काही वर्षं लोटली होती. सदनात ब्राह्मण विधवा मुली राहत. त्यांचं सोवळं, स्वयंपाक, व्रतवैकल्यं चालू राहतील आणि कुणावर धर्म लादला जाणार नाही, ही अट रमाबाईंनी पाळली. मात्र स्वतःच्या खोलीत मुलगी मनोरमाला घेऊन त्या प्रार्थनेला बसत, तेव्हा दार लावून घेत नसत. हळूहळू काही मुली आत येऊन बसू लागल्या.

एवढ्यावरून पुणं पेटलं. ‘केसरी’नं झोड उठवली, १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची धास्ती समजण्याजोगी होती. लेक दुसऱ्याच्या हवाली केलेली असताना अशी धास्ती कुणाला वाटणार नाही? पण धास्ती कशाची होती ते लक्षात घ्यावं. सदनात धर्माचा तास नव्हता, पुस्तिकांचं वाटप नव्हतं. एक बाई आपल्या मुलीसह प्रार्थना करत होती आणि तिचं उरलेलं सगळं आयुष्य त्या मुलींच्या डोळ्यांसमोर होतं. प्रार्थनेनंतर ती काय करते, कुणाशी कशी बोलते, आजारी मुलीपाशी कोण जागतं, हे त्यांना रोज दिसत होतं. दार बंद करायला रमाबाई तयार झाल्या नाहीत. ज्या घरात प्रार्थना आणि व्यवहार यांची फारकत झालेली असते, त्या घराला असं उघडं दार परवडत नाही.

याच सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून ती आनंदीबाई झाली आणि पुढं कर्व्यांच्या कामात जन्मभर राबली. ती ख्रिस्ती झाली नाही. ज्यांना धर्मकार्याचं माप बाप्तिस्म्याच्या रजिस्टरातच सापडतं, त्यांनी या बाईचा हिशेब कुठल्या रकान्यात धरायचा ते सांगावं. रमाबाईंची शिकवण तिच्यात फुकट गेली, असं म्हणण्याची कुणाची छाती आहे?

रमाबाईंचं केडगावचं मुक्ती मिशन सगळ्यांना माहीत आहे. तिथं सहलीही जातात. दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, वाऱ्यावर पडलेल्या मुली घेऊन आल्या. मुक्तीच्या छापखान्यात याच मुलीबाया खिळे जुळवत, फॉर्म छापत, पानं बांधत. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबलचं भाषांतर केलं. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या तेव्हा तो ग्रंथ वाचकांच्या हाती पडायचा होता. वेदशास्त्रसंपन्न घरातली, संस्कृतवर हुकूमत असलेली ही बाई साठीच्या घरात असताना, ज्यांना अक्षरओळखही नव्हती अशांसाठी वाक्यं सोपी करत बसली. आज उपदेशकाच्या तोंडून तीन वाक्यं सरळ मराठीत येत नाहीत आणि ‘तरुणांना बायबलची गोडी नाही’ अशी तक्रार मात्र खणखणीत येते.

टिळकांचा धडा आणखी अवघड आहे. त्यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ चा. पत्नी लक्ष्मीबाईंचा झाला १९०० साली. मधल्या पाच वर्षांत आधी ताटातूट झाली आणि पुढं संसार पुन्हा एकत्र आला तोही वेगळ्या चुलीचा आणि वेगळ्या पाण्याचा. महाराष्ट्रभर ख्रिस्ताविषयी बोलणाऱ्या कवीच्या स्वतःच्या घरात सोवळंओवळं चालू होतं. नवरेपणाचा हुकूम त्या काळी सहज चालला असता. टिळकांनी तो चालवला नाही. लक्ष्मीबाईंच्या मनातली जात त्यांच्या स्वतःच्या विचारानं गळून पडली. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला दिसतं की त्यांनी नवऱ्यालाही तपासून घेतलं होतं, त्याच्या रागालोभासकट. पुढं १९१७ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. दोन वर्षांत ते गेले. पण पगार सोडून बोललेला शब्द आणि पगार घेऊन बोललेला शब्द यांतला फरक समाजाला कळला.

शिकवणाऱ्याचं जगणं आधी तपासावं, या म्हणण्यावरच्या आक्षेपांकडे आता वळू. विद्वान धर्मगुरू म्हणतात, माणूस कृपेनं तरतो, धर्मगुरूच्या चारित्र्यावर संस्काराची सिद्धता अवलंबून नसते. बरोबर आहे. चौथ्या-पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेत, धर्मगुरू अशुद्ध असेल तर संस्कारही फोल मानणाऱ्या डोनॅटसपंथीयांशी झालेल्या वादात संत ऑगस्टीननं हेच मांडलं आणि चर्चनं ते स्वीकारलं. पण हा सिद्धांत बाप्तिस्मा घेणाऱ्याच्या आणि प्रभुभोजनाला येणाऱ्याच्या रक्षणासाठी आहे, उपदेशकाला पळवाट म्हणून नाही. याच ऑगस्टीननं उपदेश कसा करावा यावर लिहिताना, ‘ख्रिस्ती शिकवण’ या ग्रंथाच्या चौथ्या भागात, बजावून ठेवलं आहे की वक्तृत्वाच्या थाटापेक्षा वक्त्याच्या जगण्याचं वजन जास्त असतं. ऑगस्टीनचं अर्धं वाक्य खिशात घालून फिरणाऱ्यांनी उरलेलं अर्धंही वाचावं. त्याच्याही आधी याकोबाच्या पत्रात इशारा आहे: शिक्षक व्हायला फार जणांनी धावू नये, कारण शिकवणाऱ्याचा न्याय अधिक कडक होणार आहे. संडेस्कूलचे शिक्षक नेमताना हे वचन किती मंडळ्यांत वाचलं जातं?

दुसरी पळवाट उलट्या बाजूची. ‘आम्ही बोलत नाही, जगून दाखवतो’ म्हणत अन्यायापुढं गप्प बसायचं आणि त्यासाठी असिसीच्या संत फ्रान्सिसचा दाखला द्यायचा. शब्दांची गरज पडलीच तर वापरा, असं जे वाक्य त्यांच्या नावावर फिरतं, ते त्यांच्या लेखनात नाही. सर्व बंधूंनी कृतीनं उपदेश करावा, असं त्यांनी आपल्या संघासाठी लिहिलेल्या नियमात आहे. पण हाच माणूस १२१९ मध्ये धर्मयुद्ध चालू असताना इजिप्तच्या सुलतानासमोर जाऊन बोलला होता. रमाबाईही गप्प बसल्या नाहीत. १८९७ च्या प्लेगात सरकारी इस्पितळात बायकांची जी अवस्था होत होती, तिच्याविरुद्ध त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहिलं. राज्यकर्ते ख्रिस्ती होते, म्हणून त्यांनी शब्द गिळला नाही. अलीकडचं उदाहरण वसईचं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘सुवार्ता’चे संपादक होते आणि वसईच्या हिरव्या जमिनीवर बिल्डरांची नजर पडली तेव्हा हरित वसईच्या चळवळीत रस्त्यावरही उतरले. आधी अंगावर घेतलं आणि मग लिहिलं, म्हणून त्यांचं लिहिणं ख्रिस्तीतरांनीही वाचलं.

आता जातीचं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर राहिले. शिखांचा समावेश १९५६ मध्ये झाला, बौद्धांचा १९९० मध्ये. ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. हा अन्याय आहे आणि त्याविरुद्धची लढाई सोडता येणार नाही. पण सरकारच्या दारात न्याय मागणारा समाज घरात काय करतो? भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनंच २०१६ मध्ये दलित सबलीकरणाचं धोरण जाहीर करताना चर्चमध्ये जातिभेद आहे हे कबूल केलं. प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी त्यावर समाधान मानायचं कारण नाही. त्यांच्या लग्नाच्या बोलण्यांत ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न चहाच्या आधी येतो. बाप्तिस्म्याला तीन-चार पिढ्या उलटलेल्या घरांत येतो. संडेस्कूलमध्ये ‘ख्रिस्तात सगळे एक’ पाठ केलेली मुलगी शेजारच्या खोलीतून तो प्रश्न ऐकत असते. त्या दिवशी तिला मिळालेला धडा पुढचे शंभर रविवार पुसू शकत नाहीत.

असा धडा पुसायला आधी कृती लागते. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या पवित्र गुरुवारी रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात बारा जणांचे पाय धुतले. त्यांत मुली होत्या, मुसलमानही होते. स्त्रियांचे पाय धुण्याला मोकळीक देणारा बदल विधीच्या नियमांत २०१६ मध्ये झाला; कृती तीन वर्षं आधी झाली होती. महाराष्ट्रातल्या मंडळ्यांना मात्र आधी ठराव लागतो, मग उपसमिती, मग अहवाल.

म्हणून आज या अध्यक्षपदावरून उपसमिती आणि अहवालाविना थेट कृतीत उतरणारा एकच ठराव मांडला जात आहे. ख्रिस्ती मासिकं आणि वधूवर सूचक पत्रकं यांचे संपादक याच सभागृहात बसले आहेत. वधूवरांच्या जाहिरातीत पूर्वाश्रमीची जात सूचित करणारा एकही शब्द पुढच्या अंकापासून छापला जाऊ नये, जाहिरातीचे पैसे बुडाले तरी चालतील. ज्या धर्मगुरूंना, पंचांना किंवा संपादकांना हे मान्य नसेल, त्यांनी दुपारच्या खुल्या अधिवेशनात उभं राहून कारण सांगावं. मतदान हात वर करून होईल आणि विरोधातल्या प्रत्येकाचं नाव इतिवृत्तात लिहिलं जाईल.