ठरावाच्या वहीतून कादंबरीकडे

आज बचतीचा हिशोब नाही की हप्त्याची आठवण नाही. आज आम्ही आमच्या कादंबरीविषयी बोलणार आहोत. हसू नका, खरंच सांगतोय!

आमच्या गटातल्या आम्ही चौघी दिवाळीपासून एक कादंबरी लिहितोय. दोनशे पानी वही, आठवड्यातून एक दुपार. गोष्ट एका बाईची आहे. शेळ्या घ्यायच्या म्हणून ती गटातून कर्ज काढते. पैसे घरात येतात आणि तिला न विचारता भलतीकडेच खर्च होतात. हप्ते मात्र तिनंच भरायचे. अशी बाई तुम्हीही पाहिली असेल.

तीन प्रकरणं झाली आणि गावात कुजबुज सुरू झाली. “कुणाचं घर चव्हाट्यावर मांडताय?” आमच्यातल्या एकीला घरून दम मिळाला. वही कपाटात गेली.

त्या दिवसांत आम्ही विभावरी शिरूरकरांचं पहिलं पुस्तक आणलं, ‘कळ्यांचे निःश्वास’. एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी निवडण-टिपण करत ऐकायचं. हे पुस्तक १९३३ सालचं. शिकलेल्या मुलींची लग्नं, हुंडा, मनातली घुसमट, सगळं त्यात उघड मांडलेलं. त्यावरून तेव्हा मोठं वादळ उठलं. ही विभावरी कोण, याचा लोक शोध घेऊ लागले. कारण ते टोपणनाव होतं. खरं नाव बाळूताई खरे, पुढे लग्नानंतर मालती बेडेकर. त्या हिंगण्याला कर्व्यांच्या संस्थेत शिकल्या आणि तिथंच शिकवूही लागल्या. त्यांच्या आईनं अनेक वर्षं दुधाचा धंदा चालवला होता, हे कळल्यावर आमच्या डेअरीवाल्या बाया खूश झाल्या.

आम्हाला धीर कशानं आला? एक म्हणजे, त्यांनी सुरुवात जवळच्या गोष्टीपासून केली. रोज डोळ्यांसमोर दिसणाऱ्या मुलींविषयी लिहिलं. आधी लहान कथा, मग कादंबरी. दुसरं म्हणजे, त्यांनी घाई केली नाही. सोलापूरला सरकारनं ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. तिथं त्यांनी काम केलं. त्या जगण्यावरची ‘बळी’ ही कादंबरी आली १९५० साली, म्हणजे दहा वर्षं उलटून गेल्यावर. मग आमची तीन प्रकरणं महिनाभर कपाटात राहिली तर काय बिघडलं?

आम्ही वही पुन्हा काढली आणि तीन गोष्टी ठरवल्या. एका घराची हकिकत जशीच्या तशी घ्यायची नाही. चार घरांतलं मिळून एक घर उभं करायचं. जिच्या बोलण्यातलं काही घेतलं, तिला ते पान आधी वाचून दाखवायचं. ती नको म्हणाली तर पान फाडायचं. आणि कादंबरीवर चौघींचं मिळून एकच टोपणनाव घालायचं.

दम मिळालेल्या मैत्रिणीच्या घरचं अजून मिटलेलं नाही. ती वहीला हात लावत नाही. पण येते, बसते, सांगते, आणि आम्ही तिघी उतरवून घेतो. परवा म्हणाली, “त्या बाईला एवढ्यात रडवू नका. आधी तिला हिशोब करू द्या.” चौथं प्रकरण तिथूनच सुरू झालं.

बायांनो, लिहायची सवय आपल्याला आहेच. ठरावाच्या वहीत आपण लिहितो, ‘अमुक हिला शेळीपालनासाठी वीस हजार रुपये कर्ज मंजूर.’ ठराव तिथं संपतो. ते पैसे घेऊन ती घरी गेली, त्या रात्री काय झालं, इथून कादंबरी सुरू होते.

पुढच्या बैठकीत सह्या-अंगठे झाले की दहा मिनिटं थांबा. एकीनं ती रात्र सांगावी, दुसरीनं लिहावी. नाव बदला, गाव बदला, पण लिहा.