साप दिसला नाही, दंश दिसला नाही: मण्यार ओळखायची कशी?

कॅज्युअल्टीत रात्रपाळी करणाऱ्या सगळ्या डॉक्टर मित्रमैत्रिणींनो, तुम्ही नांदेडला असा, इंदूरला असा की बेळगावला, आजचा विषय तुमच्याच पहाटेचा आहे.

पावसाळ्याचे दिवस. पहाटे चारला धडधाकट तरुणाला घेऊन घरचे येतात. तक्रार काय? पोटात दुखतंय, उलटी झाली, गिळता येत नाही. नाडी, रक्तदाब ठीक. अंगावर कुठे खूण नाही. अशा वेळी पँटोप्राझोल देऊन बाकड्यावर बसवण्याचा मोह होतो. मी माझ्या ज्युनिअर डॉक्टरांना सांगतो, आधी एक प्रश्न विचारा: "रात्री झोपला कुठे होता?" उत्तर 'जमिनीवर' आलं, की कान टवकारा.

मण्यार, म्हणजे हिंदीतला करैत, रात्री फिरते आणि झोपलेल्या माणसाला चावते. तिचे दात बारीक असतात. सूज नाही, वेदना फारशी नाही, कित्येकदा खूणही सापडत नाही. त्यामुळे 'साप कुणी पाहिला?' या प्रश्नावर निदान अडवू नका. पापण्या बघा. वर बघायला सांगा. पापण्या जड वाटल्या, एकाचे दोन दिसू लागले, तर संशय पक्का धरा. उशीवरून डोकं उचलायला सांगा. एका श्वासात मोठ्यानं आकडे मोजायला लावा आणि दर थोड्या वेळानं पुन्हा मोजायला लावा. काल पंचवीसपर्यंत जाणारा माणूस आज दहावर थांबतो, हे फरक ऐकू येतात. ऑक्सिमीटरचा आकडा मात्र उशिरा पडतो. त्याची वाट बघत बसू नका.

वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी जरूर करा. पण ती नॉर्मल आली म्हणजे विष नाही, असं नव्हे. ती घोणस-फुरशाच्या विषाचा अंदाज देते. मण्यारीचं विष मज्जातंतूंवर चालतं.

लकव्याची चिन्हं सुरू झाली की अँटिव्हेनम लगेच. आपल्याकडचं अँटिव्हेनम नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांविरुद्ध असतं. सुरुवात दहा व्हायलनी. लहान मुलालाही तेवढंच, कारण साप वजन बघून विष सोडत नाही. टेस्ट डोस नको. अ‍ॅड्रेनलिन मात्र भरून हाताशी ठेवा.

आता महत्त्वाचं. मण्यारीचं विष मज्जातंतूच्या टोकालाच इजा करतं. झालेली इजा अँटिव्हेनम परत फिरवत नाही. निओस्टिग्मिनचा नागदंशात होतो तसा भरवशाचा उपयोग इथं होत नाही. माणूस वाचतो तो श्वासावर. ट्यूब टाका, व्हेंटिलेटर नसेल तर अंबू बॅग दाबत पुढच्या हॉस्पिटलला पाठवा. रुग्णवाहिकेत बॅग दाबणारा माणूस सोबत नसेल, तर रेफरच्या चिठ्ठीला काही अर्थ नाही.

आणि बाहुल्या पसरलेल्या, हालचाल शून्य, म्हणून 'मेंदू गेला' म्हणू नका. तो आत जागा असू शकतो, ऐकत असू शकतो. झोपेचं औषध द्या, नाव घेऊन बोला, काय करताय ते सांगा. आणि खाटेशेजारी उभं राहून 'आता काही खरं नाही' असं म्हणू नका. काही दिवसांनी हाच माणूस चालत घरी जाऊ शकतो.

शेवटची गोष्ट नोंदीची. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू होतात. २०२४ मध्ये केंद्रानं राष्ट्रीय कृती आराखडा आणला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्मे करायचं उद्दिष्ट आहे. नोंद झाली तर अँटिव्हेनम कुठं लागतं ते कळेल. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशात प्राझोसिनचा वापर रूढ केला, तो छोट्या गावातल्या रुग्णांच्या बारकाईनं ठेवलेल्या नोंदींवरच.

तेव्हा आज रात्री पोटदुखीचा रुग्ण आला, तर पोटाला हात लावायच्या आधी पापण्या बघा. प्रश्न असतील तर विचारा.