ही सरासरी पिकली कोणाच्या रानात?
(एका प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी कला शाखेचा पदवीधर. संख्याशास्त्राशी माझा परिचय झाला तो कार्यालयात, वृत्ते लिहिता लिहिता. काही वर्षांपूर्वी सुधारित बियाण्याविषयी मी एक वृत्त तयार केले होते आणि सरासरी उत्पादन वाढल्याचे त्यात ठळकपणे नमूद केले होते. पुढे एका गावी ते वाचून दाखविले असता एका वृद्ध शेतकऱ्याने विचारले, "साहेब, ही सरासरी पिकली कोणाच्या रानात?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजचे विवेचन म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर होय.

दोन गटांची तुलना हे आपणा सर्वांचे नित्याचे काम आहे. योजना राबविलेली गावे आणि न राबविलेली गावे, दोन शाळांचे निकाल, दोन वाणांचे उत्पादन. सरासरींतील फरक खरा की योगायोगाचा, हे ठरविण्यासाठी 'टी' कसोटी वापरतात. डब्लिन येथील गिनेस मद्यनिर्मितिगृहात काम करणारे विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने तिचा पाया घातला आणि रोनाल्ड फिशर यांनी तिला व्यापक रूप दिले. दोन स्वतंत्र गटांसाठी ही कसोटी ज्या रूढ स्वरूपात वापरली जाते, तिच्यात एक अट गृहीत असते. दोन्ही गटांतील आकडे आपापल्या सरासरीभोवती सारख्याच प्रमाणात विखुरलेले असले पाहिजेत. या विखुरलेपणाच्या मापास प्रचरण आणि त्याच्या वर्गमुळास प्रमाण विचलन म्हणतात.

ही अट मोडली तर काय होते? एक काल्पनिक उदाहरण घेऊ. जुन्या वाणाची २० शेते पाहिली. हेक्टरी सरासरी १० क्विंटल, प्रमाण विचलन २. नव्या वाणाची केवळ ५ शेते पाहिली. सरासरी १४, परंतु प्रमाण विचलन ६. रूढ रीतीत दोन्ही प्रचरणे एकत्र करतात. तसे केल्यास 'टी'चे मूल्य सुमारे २.५९ येते. शंभरात पाच चुकांची मुभा ठेवल्यास २.०७ पुरेसे असते. म्हणजे नवे वाण सरस ठरले! आता प्रत्येक गटाचे प्रचरण वेगळे ठेवून हिशेब केला तर मूल्य १.४७ इतकेच भरते आणि आवश्यक मूल्य २.७ च्या घरात जाते. निर्णय उलटला. आकडे तेच आहेत. पहिल्या रीतीत वीस शेतांच्या स्थैर्याने पाच शेतांची अनिश्चितता झाकली गेली, एवढाच भेद.

लहान गटाचे प्रचरण मोठे असले की असा खोटा विजय पदरी पडतो. उलटपक्षी, मोठ्या गटाचे प्रचरण मोठे असेल तर खरा फरकही नजरेआड होऊ शकतो.

या प्रश्नाचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. बेहरेन्स यांनी १९२९ साली तो मांडला, फिशर यांनी पुढे नेला, आणि त्या कसोटीसाठी लागणारी कोष्टके सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९३८ साली प्रसिद्ध केली. पीककापणी प्रयोगांद्वारे उत्पादनाचा अंदाज करण्याच्या पद्धतीला वळण देणारे सुखात्मे ते हेच. वेगळ्या प्रचरणांचा हिशेब करण्याची आज सर्वत्र रूढ असलेली रीत बी. एल. वेल्श यांच्या १९३८ व १९४७ च्या लेखांतून आली.

आता तपासणीविषयी. प्रथम आकडे आलेख कागदावर ठिपक्यांनी मांडावेत. कोणता गट दाट आणि कोणता विरळ, हे डोळ्यांनाच दिसते. नंतर दोन्ही प्रमाण विचलने शेजारी शेजारी लिहावीत. औपचारिक कसोटी हवी असल्यास लेव्हीन यांची १९६० ची रीत आहे. प्रत्येक आकडा आपल्या गटाच्या सरासरीपासून किती दूर आहे ते काढावयाचे आणि त्या अंतरांच्या सरासरींची तुलना करावयाची. ब्राउन व फोर्साइथ यांनी १९७४ साली सरासरीऐवजी मध्यक घेण्याची सुधारणा सुचविली. एखाददुसऱ्या टोकाच्या आकड्याने ती सहसा फसत नाही.

तथापि एक सावधगिरी आवश्यक आहे. पाचसात नोंदींच्या गटांत अशी कसोटी बहुधा मूक राहते. 'फरक आढळला नाही' याचा अर्थ 'फरक नाही' असा होत नाही. म्हणून आधी चाचणी घेऊन मग रीत निवडण्यापेक्षा प्रारंभापासूनच वेल्श यांची रीत वापरणे अधिक सुरक्षित, असे अनेक संख्याशास्त्रज्ञांचे मत आहे. प्रचरणे समान असली तरी तिने फारसे नुकसान होत नाही.

परंतु प्रचरण ही केवळ कसोटीची अडचण नव्हे. ती स्वतःच एक वार्ता आहे. चौदाच्या सरासरीत एखाद्या शेतात वीस क्विंटल आणि एखाद्यात सहा क्विंटल पिकले असेल, तर त्या सहा क्विंटलवाल्याच्या घरी सरासरी शिजत नाही. त्याच्या विहिरीला पाणी नव्हते की खत वेळेवर पोहोचले नाही, हे विचारणे आपले कर्तव्य ठरते.

म्हणून माझी विनंती अशी : अधिकाऱ्यांनी प्रत्येक सरासरीसोबत नोंदींची संख्या व प्रमाण विचलन द्यावे. शिक्षकांनी वर्गाच्या सरासरीबरोबर मागे राहिलेल्यांकडेही पाहावे. पंचायत सदस्यांनी अहवाल समोर येताच सर्वांत कमी आकडा कोणाचा, हे विचारावे. त्या वृद्ध शेतकऱ्याने मला हेच विचारले होते.