रक्तदानाच्या रांगेतून परत फिरलेल्या



महाविद्यालयातील रक्तदान शिबिराचे दृश्य आपल्यापैकी बहुतेकांना परिचित आहे. सभागृहात खाटा मांडलेल्या असतात, राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक धावपळ करीत असतात आणि दाराशी बसलेला तंत्रज्ञ बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडत असतो. थेंब तळाशी गेला तर रक्त पुरेसे सकस. तरंगत राहिला तर नाही. शेजारी वजनकाटा असतो. दात्याचे हिमोग्लोबिन डेसिलिटरमागे किमान १२.५ ग्रॅम आणि वजन किमान ४५ किलो असावे, असा नियम आहे. मुली उत्साहाने रांगेत उभ्या राहतात आणि टेबलापर्यंत पोहोचून त्यांतील कितीतरी जणी परत फिरतात. ‘ताई, पालेभाज्या खात जा’ एवढा सल्ला मिळतो आणि विषय संपतो. सायंकाळी समारोपात किती पिशव्या रक्त जमले हे टाळ्यांच्या गजरात जाहीर होते. किती जणी परत गेल्या, हे व्यासपीठावरून कोणी सांगत नाही.

वस्तुतः शालेय जीवन संपल्यानंतर निरोगी दिसणाऱ्या मुलीचे वजन आणि हिमोग्लोबिन एकाच वेळी तपासले जाण्याचा हाच बहुधा एकमेव प्रसंग. तो दरवर्षी येतो आणि दरवर्षी वाया जातो.

परत गेलेली प्रत्येक मुलगी रुग्ण असते असे नव्हे. रक्तदानासाठी १२.५ ची अट आहे; वैद्यकशास्त्राच्या व्याख्येप्रमाणे गर्भवती नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि पुरुषाचे १३ च्या खाली गेले, की रक्तक्षय. तरीही चित्र गंभीर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयोगटातील ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. चार-पाच वर्षांपूर्वीच्या सर्वेक्षणात हेच प्रमाण ५४.१ टक्के होते. याच वयाच्या मुलांमध्ये ते ३१.१ टक्के निघाले. म्हणजे ‘हा बायकांचा आजार’ म्हणून मुलांनीही निश्चिंत राहू नये. बोटाच्या टोकातून घेतलेल्या थेंबावरची मोजणी कितपत अचूक, याविषयी तज्ज्ञांत वाद आहे. तो वाद मिटेपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही.

आता वजनाकडे वळू. घराघरांत समजूत अशी, की काटक मुलगी अशक्त आणि अंगाने भरलेली मुलगी सुदृढ. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचे आणि आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! काट्यावरचा आकडा शरीरात काय भरले आहे ते सांगत नाही, हे याहून सोप्या रीतीने क्वचितच कोणी दाखवले असेल.

रक्ताच्या बाबतीत तर काटा अधिकच फसवा. शरीरात चरबी वाढली की एक मंद दाह सतत चालू राहतो आणि त्यामुळे यकृतातून हेप्सिडिन नावाचे द्रव्य अधिक स्रवते. हे द्रव्य आतड्यातून लोह रक्तात येण्याची वाटच अडवते. म्हणून सत्तर किलो वजनाची विद्यार्थिनीही रक्तक्षयी असू शकते. त्यात तिने बारीक होण्याच्या नादात रात्रीचे जेवण सोडले, की उरलेसुरले लोहही बंद. बेचाळीस किलोच्या मैत्रिणीची निदान काळजी तरी केली जाते. हिच्याकडे पाहून कोणाला शंकाही येत नाही. वर्गात डुलकी लागते, दुसऱ्या मजल्यावर चढताना धाप लागते, पाठ केलेले लक्षात राहत नाही, आणि घरचे म्हणतात, ‘आळशी झाली आहे.’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी एकदा रक्त तपासून घ्यावे.

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुली काय खातात? सकाळी चहा-बिस्किट, दुपारी खाणावळीचा डबा, आणि पैसे वाचवायचे म्हणून तो एकच डबा दोघींत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढ स्त्रीसाठी दररोज २९ मिलिग्रॅम आणि पुरुषासाठी १९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली. मासिक पाळीमुळे तिची गरज अधिक. डबा मात्र अर्धा. आठवड्यातून एक-दोन उपवास असतात, ते श्रद्धेने करावेत. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, हे ध्यानात ठेवून त्या दिवशी राजगिरा, शेंगदाणे, खजूर ताटात घ्यावेत. बीट लाल असले तरी त्यात लोह फारसे नसते. ते बाजरीच्या भाकरीत, मोड आलेल्या मटकीत, अळिवाच्या लाडवात अधिक. मांसाहार करणाऱ्यांना मिळणारे लोह तर अंगी लागायलाही सोपे. पोह्यांवर, वरणभातावर लिंबू पिळण्याची आपल्या घरची रीत शास्त्रशुद्ध आहे, कारण ‘क’ जीवनसत्त्व लोहाचे शोषण वाढवते. जेवणावरच्या चहाची रीत तेवढी सोडावी. तो ते शोषण निम्म्याहूनही खाली आणतो.

सारा दोष लोहाचाच असतो असेही नाही. १९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांना होणाऱ्या एका विचित्र रक्तक्षयाचे कोडे तिला उलगडायचे होते. या बायकांच्या रक्तपेशी लहान नव्हे, तर मोठ्या झालेल्या दिसत. तिने त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आहार अभ्यासला आणि यीस्टच्या साध्या अर्काने त्या बऱ्या होतात, हे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. तो अज्ञात घटक म्हणजे पुढे सापडलेले फॉलिक आम्ल. आज जगभर गरोदर स्त्रियांना दिल्या जाणाऱ्या या गोळीचे मूळ मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रियांच्या दुखण्यात आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? फॉलिक आम्लाप्रमाणेच शाकाहारी घरांत बी-१२ ची उणीवही असते. विदर्भातील आदिवासी भागांत सिकलसेल असू शकतो. म्हणून निव्वळ अंदाजाने औषध घेऊ नये.

शाळेत आठवड्याला एक लोहाची गोळी देण्याची सरकारी योजना आहे. २०१८ च्या ‘अॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात विशीपुढील स्त्रियांचाही समावेश झाला. परंतु आशा कार्यकर्तीची पावले वळतात ती गरोदर आणि बाळंत स्त्रीकडे. वसतिगृहातली अविवाहित मुलगी दोहोंच्या मधल्या फटीत राहते. तिच्या रक्ताची चिंता ती भावी माता आहे म्हणून करावी, असे नेहमी म्हटले जाते. गरोदरपणात सुमारे १००० मिलिग्रॅम जादा लोह लागते, हे खरेच. पण ती आज विद्यार्थिनी आहे, तिची परीक्षा येत्या मार्चमध्ये आहे. एवढे कारण पुरेसे नाही काय?

म्हणून शिबिरे भरवणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे एक सूचना. दात्यांच्या टेबलाशेजारी आणखी एक टेबल आणि एक वही ठेवावी. जी परत फिरेल तिची इच्छा असल्यास नाव, वजन व हिमोग्लोबिन लिहावे. ही वही एका प्राध्यापिकेच्याच ताब्यात राहावी, कारण मुलीचे वजन हा चारचौघांत वाचण्याचा विषय नव्हे. गावातल्या एका डॉक्टरांना त्या आठवड्यात दोन तास मागावेत. गोळ्यांनी शौचाचा रंग काळा होतो, पोटात मळमळते, आणि घाबरून मुली चौथ्या दिवशी त्या सोडतात. हे आधीच सांगावे. झुरिच येथे तरुण स्त्रियांवर झालेल्या २०१७ च्या अभ्यासात गोळी रोज घेण्याऐवजी एक दिवसाआड घेतल्यास लोह अधिक शोषले जाते, असे दिसले. कारण पुन्हा तेच हेप्सिडिन: एका गोळीनंतर दिवसभर ते वाट अडवून बसते. कोणाला कशी द्यायची, ते डॉक्टर ठरवतील.

लाल रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हणजे जुलैत शिबिर झाले, तर दिवाळीची सुट्टी संपल्यावर वहीतल्या त्याच मुलींना पुन्हा बोलवावे आणि मोरचुदाच्या त्याच निळ्या द्रावणात थेंब सोडून पाहावा.