नाताळचे ताट

‘नाताळ’ हा शब्द आपल्या मराठीत इतका रुळून गेला आहे की, तो परक्या घरून आलेला आहे असे सांगितले तर पुष्कळांना नवल वाटेल. पोर्तुगीज भाषेतील ‘नाताल’वरून तो आपल्याकडे आला, त्याचे मूळ लॅटिनमध्ये आहे, आणि त्याचा अर्थ ‘जन्माचा’ एवढाच. गोव्यातून घाट चढून जी ख्रिस्ती कुटुंबे बेळगाव परिसरात येऊन स्थायिक झाली, त्यांनी आपल्या ट्रंकांबरोबर हा सणही वर आणला. माझ्या आजोबांचे कुटुंब त्यांपैकीच एक. मी व्यवसायाने शिक्षिका आहे. धर्मशास्त्राचा माझा व्यासंग नाही. तेव्हा आज मी आपणांस प्रवचन सांगणार नाही. नाताळचा प्राण कशात आहे, हे मला ज्या दोन प्रसंगांनी शिकविले, ते आपणांपुढे ठेवणार आहे. त्यांपैकी एक माझ्या आईच्या शहाणपणाचा आहे, आणि दुसरा माझ्या स्वतःच्या चुकीचा.

परंतु आधी मूळ कथेकडे वळू या. येशू ख्रिस्ताचा जन्म कोणत्या तारखेस झाला, हे शुभवर्तमानांत कोठेही लिहिलेले नाही. 25 डिसेंबर ही तारीख रोम येथे इ. स. 354 मध्ये संकलित झालेल्या एका पंचांगसंग्रहात आढळते. म्हणजे प्रभूच्या जन्मानंतर सुमारे साडेतीनशे वर्षांनी. शुभवर्तमानकारांना तारखेचे महत्त्व वाटले नाही. त्यांना महत्त्व वाटले ते जागेचे. संत लूक सांगतात की शिरगणतीसाठी योसेफ आणि मारिया बेथलेहेमास आली, उतारशाळेत त्यांना जागा मिळाली नाही, आणि मारियेने आपले बाळ बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवले. बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ ‘भाकरीचे घर’ असा आहे. ज्या गावाचे नावच भाकरीचे घर, त्या गावात एका अवघडलेल्या स्त्रीस निवारा मिळू नये, आणि जनावरांचा चारा जेथे घालतात तेथे तिच्या बाळाचा पाळणा व्हावा! तारीख विसरलात तरी चालेल, पण ही जागा विसरू नका, असेच जणू हे कथाकार आपणांस बजावीत आहेत.

ही वार्ता प्रथम कोणास कळली? राजास नव्हे, पुरोहितास नव्हे. रानात रात्रीचा पहारा करीत बसलेल्या मेंढपाळांस कळली. आपण गोठ्याचा देखावा मांडतो तेव्हा एखाद्या मेंढपाळाच्या खांद्यावर कोकरू ठेवतो. पण ते आपल्या कल्पनेचे आहे. संत लूक यांनी त्यांच्या हाती काहीच दिलेले नाही. ते धावत आले, त्यांनी बाळाचे दर्शन घेतले, आणि आनंदाने परत गेले. सोने, ऊद आणि गंधरस घेऊन पूर्वेकडील ज्ञानी पुरुष आले ते संत मत्तय यांच्या कथेत. रिकाम्या हातांनी आलेल्यांचेही त्या गोठ्यात स्वागत झाले, ही गोष्ट मला लहानपणी कधी जाणवली नव्हती. आता दरवर्षी प्रथम तीच आठवते.

गव्हाणीची ही ओळख लोकांच्या डोळ्यांपुढे मूर्तिमंत उभी केली ती असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी. 1223 साली इटलीतील ग्रेच्चो नावाच्या डोंगराळ गावी त्यांनी नाताळच्या रात्री खरी गव्हाण मांडविली, तीत खरे गवत घातले, खरा बैल आणि खरे गाढव आणून उभे केले, आणि तेथेच मिस्सा झाली. त्या बालकाने सोसलेली उणीव लोकांनी आपल्या डोळ्यांनी पाहावी, हा त्यांचा हेतू होता. त्यांचे चरित्रकार थॉमस ऑफ चेलानो यांनी आणखी एक सुरेख गोष्ट नोंदवून ठेवली आहे. नाताळच्या दिवशी श्रीमंतांनी भुकेल्यांना पोटभर जेवू घालावे, बैलांना आणि गाढवांना रोजच्यापेक्षा अधिक वैरण मिळावी, असे संत फ्रान्सिस यांना वाटे. इतकेच नव्हे, तर सम्राटाची भेट झाली तर पाखरांसाठी वाटेवर धान्य टाकण्याचा हुकूम काढावयास आपण त्यास सांगू, असेही ते म्हणत. बेंदराच्या दिवशी बैलास पुरणपोळी भरविणाऱ्या आपल्या शेतकऱ्यास हे ऐकून हा साधू आपल्याच शिवारातला वाटेल. सणाच्या दिवशी कोणाचीच गव्हाण रिकामी असू नये, एवढाच याचा अर्थ.

आता माझ्या घरची गोष्ट सांगते. नाताळच्या आधी चार-पाच दिवस आमच्या घरी दोदोल शिजे. नारळाचे दूध, तांदळाचे पीठ आणि गोव्याहून मागविलेला काळा माडाचा गूळ हे सर्व मोठ्या पातेल्यात घालून आई ढवळीत बसे. त्यास तेल सुटेपर्यंत हात थांबवावयाचा नाही. थांबला की खाली लागलेच. आम्ही मुले काट्याच्या पाठीवर पिठाच्या लहान गोळ्या दाबून कुलकुल वळीत असू. नाताळच्या सकाळी मिस्सेहून आलो की आळीतील पाच घरी ताटे जात. दिवाळीत ज्या घरांतून चकल्या आणि करंज्या येत, तीच ही घरे.

एका वर्षी वडिलांचे काम सुटले. डिसेंबर उजाडला तरी नवे काम मिळाले नव्हते. नारळ महाग, गूळ महाग; दोदोलाचा प्रश्नच नव्हता. आईने थोडी कुलकुल आणि मोजक्या नेवऱ्या केल्या, आणि पाच ताटे मांडली. वडील म्हणाले, “यंदा नाही पाठवली तर नाही का चालणार? लोकांना आपली परिस्थिती ठाऊक आहे.”

आई म्हणाली, “घरात आहे त्यातलं द्यायचं. उरेल त्यातलं द्यायला सण कशाला हवा?”

शेवटचे ताट मी पलीकडच्या काकूंकडे नेले. त्या एकट्या होत्या, शिवणकाम करून गुजराण करीत. ताट रिकामे परत करावयाचे नाही हा आपला रिवाज. त्याप्रमाणे त्यांनी ताटात मूठभर साखर घातली. मी ते ताट घरी आणले. आई साखर डब्यात ओतू लागली, तो खालून घडी केलेल्या दहा-दहाच्या दोन नोटा निघाल्या. चाळीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट. वीस रुपयांत तेव्हा पुष्कळ काही येई. मला वाटले, आई आता मला त्या परत द्यावयास पाठवील, कारण ती मोठी मानी होती. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. तिचे डोळे भरून आले. मग तिने त्या नोटा कपाळास लावल्या आणि कपाटात ठेवल्या. त्या तिने परत पाठविल्या नाहीत, आणि काकूंजवळ त्यांचा उच्चारही केला नाही. पुढच्या वर्षी काकूंच्या ताटात दोदोलाच्या वड्या दुप्पट होत्या, एवढे मला आठवते.

या प्रसंगाचा अर्थ मला कळावयास पुढे बरीच वर्षे जावी लागली. आणि तो कळला तोही धडपणे नव्हे, ठेच लागून.

मी शाळेत रुजू होऊन तिसरे वर्ष असेल. डिसेंबरमधील बेळगावची थंडी आपणांपैकी पुष्कळांना परिचित आहे. माझ्या वर्गातील काही मुले पातळ सदऱ्यावर शाळेत येत. नाताळच्या निमित्ताने यांना काही द्यावे, असे माझ्या मनात आले. ओळखीच्या लोकांकडून मी पैसे जमविले, त्यांत स्वतःची भर घातली, आणि आठ स्वेटर विकत आणले. सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी प्रार्थनेनंतर सर्व शाळेसमोर मी आठ नावे वाचली. आठ मुले पुढे आली. टाळ्या झाल्या. त्या दिवशी घरी जाताना माझे मन भरून आले होते. खरा नाताळ आपण आजच साजरा केला, असे मला वाटले.

सुट्टी संपली. त्या आठांपैकी एक मुलगा, पाचवीतला, हुशार आणि अबोल, पूर्वीसारखाच पातळ सदऱ्यात कुडकुडत बसलेला दिसला. मी त्यास बाजूला घेऊन विचारले, “स्वेटर का घातला नाहीस रे?” तो बराच वेळ बोलेना. अखेर खाली पाहत म्हणाला, “बाई, तो घातला की पोरं म्हणतात, फुकटचा स्वेटर आला.”

मला उत्तर सुचले नाही. आठवडाभराने, संक्रांतीच्या सुमारास, त्याची आई शाळेत आली. शेतावर मजुरीस जाणारी बाई. पदराखालून तिने हिरव्या हरभऱ्याची एक मोठी जुडी काढून माझ्यापुढे धरली. म्हणाली, “बाई, पोराला तुम्ही कपडा दिलासा. आमच्याकडनं हे घ्या.” आणि मी काय केले असेल? मी म्हणाले, “छे छे, कशाला आणलंत हे! तुमच्याच मुलांना होईल.” मी हे चांगुलपणाने म्हटले होते. परंतु तिचा चेहरा एकदम उतरला. तिने ती जुडी पुन्हा पदराखाली घेतली आणि ती निघून गेली.

ती फाटकाबाहेर गेली, आणि मला आईच्या हातातील त्या दोन नोटा आठवल्या. आईने घेतले होते. मी नाकारले होते. आईने काकूंना आपल्या बरोबरीचे मानले होते. मी त्या बाईस माझ्या उपकाराखाली उभी केली होती, आणि त्यातून वर येण्याचा तिने शोधलेला मार्गही मीच बंद केला होता. देणे मला येत होते, घेणे येत नव्हते. आणि ज्यास घेणे येत नाही, त्याच्या देण्यात अहंकाराचा खडा राहून जातो. दुसऱ्या दिवशी मी तिच्या वस्तीवर जाण्याचे ठरविले, पण कामात दिवस गेले. पुढे जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तो मुलगा पटावर नव्हता. कुटुंब कामासाठी दुसरीकडे गेले होते. तो आज कोठे आहे, मला ठाऊक नाही. ती जुडी माझ्याकडून घ्यावयाची राहिली, ती राहिलीच.

ज्यांच्यावरून पुढे सांताक्लॉजची कल्पना निघाली, ते मायराचे संत निकोलस चौथ्या शतकातील बिशप होते. त्यांची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. एका गरीब गृहस्थाच्या तीन मुली हुंड्यावाचून अविवाहित होत्या. संत निकोलस यांनी रात्रीच्या काळोखात त्यांच्या खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली. एकदा नव्हे, तीनदा. ती काळोखातच का टाकली, हा प्रश्न मी लहानपणी कधी विचारला नव्हता. त्या पाचवीतल्या मुलाने मला त्याचे उत्तर दिले. काळोख हा घेणाऱ्याच्या मानासाठी होता. या हाताचे त्या हातास कळू नये, असे आपण म्हणतो. प्रभूनेही दानाविषयी हाच उपदेश केला आहे.

येथे मला फादर थॉमस स्टीफन्स यांचे स्मरण होते. हा इंग्रज धर्मोपदेशक 1579 साली गोव्यास आला आणि उरलेले आयुष्य त्याने येथेच घालविले. ख्रिस्ताची कथा येथील लोकांस सांगावयाची, तर ती त्याने स्वतःच्या भाषेत सांगितली नाही. तो मराठी शिकला, आपली ओवी शिकला, आणि 1616 साली रायतूर येथे त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ आहे. आपल्याजवळील सर्वांत मोलाची वस्तू दुसऱ्यास द्यावयाची, तर ती त्याच्या भाषेत दिली पाहिजे, हे त्याने ओळखले होते. दानासही भाषा असते. मी माझे स्वेटर माझ्या भाषेत वाटले. ती भाषा टाळ्यांची होती.

ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा मला या ठिकाणी दिसतो. परमेश्वर मनुष्यास काही देण्यासाठी आला, हे आपण नेहमीच म्हणतो. पण तो आला कसा? काही देण्याआधी त्याने घेतले. मारियेच्या कुशीची ऊब घेतली, जनावरांची गव्हाण घेतली, परक्यांच्या गोठ्याचा आसरा घेतला. सर्व जगाचा दाता प्रथम याचक झाला, म्हणूनच त्याच्यापुढे कोणा याचकास मान खाली घालावी लागत नाही. श्रद्धा म्हणजे केवळ मध्यरात्रीच्या मिस्सेस हजर राहणे नव्हे. आपणही कोणाच्या तरी दयेवर जगत आहोत, हे न विसरणे म्हणजे श्रद्धा. ज्यास हे आठवते, त्याच्या हातून औदार्य सहज घडते, आणि ते दुसऱ्यास बोचत नाही.

त्यानंतर आमच्या वर्गात मी पद्धत बदलली. आगमनकाळाच्या चार आठवड्यांत वर्गाच्या कोपऱ्यात एक पेटी असते. प्रत्येक मुलाने तीत काहीतरी घालावयाचे. मूठभर तांदूळ, पेन्सिलीचा तुकडा, काहीही चालते. कोणी काय घातले, हे विचारावयाचे नाही. ज्यास लागेल त्याच्या घरी ते शाळा सुटल्यावर, गाजावाजा न करता पोहोचते. देणाऱ्यांत सर्वच असतात; म्हणून घेणारा कोण, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. आणि कोणी माझ्यासाठी बोरे आणली, तिळगूळ आणला, तर मी दोन्ही हात पुढे करून घेते.

श्रोतेहो, यंदाच्या नाताळात आपल्या खिडकीत नक्षत्र जरूर लावा, गोड पदार्थ जरूर करा. आनंद हा काही पाप नाही. परंतु शेजारी ताट पाठवाल तेव्हा ते घरात आहे त्यातून पाठवा. ते परत येईल तेव्हा त्यात मूठभर साखर असो की हरभऱ्याची जुडी, ते कपाळास लावून घ्या. आपण सर्वच त्या गव्हाणीपाशी रिकाम्या हातांनी आलेले मेंढपाळ आहोत.