टॉवरची वीज आणि टॉवरवरची माणसे



बिनतारी यंत्रांविषयी माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या माणसाने बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. पण या विद्येची माझी ओळख पुस्तकातून नव्हे, डिझेलच्या कॅनमधून झाली. मोबाईलच्या टॉवरखालच्या जनित्रात डिझेल ओतणाऱ्या कंत्राटी कामगारांची संघटना बांधताना, हे डिझेल जाते तरी कोठे, असा प्रश्न मला पडला आणि मी वाचू लागलो.

आपल्याला वाटते, वीज खातो तो हातातला फोन. पण त्याची बॅटरी पूर्ण भरायला एका युनिटचा सुमारे पन्नासावा हिस्सा पुरतो. खरा खर्च टॉवरवर होतो. तेथे लहरींना जोर देणारा अ‍ॅम्प्लिफायर असतो. त्याला दिलेल्या विजेपैकी मोठा भाग उष्णता होऊन वाया जातो. मग यंत्रांची खोली थंड ठेवायला आणखी वीज! एक उधळपट्टी निस्तरायला दुसरी.

रात्रीची गोष्ट तर याहून चमत्कारिक. गावात दोन वाजता कोणी बोलत नसते, तरी फोर-जीचा टॉवर ‘मी येथे आहे’ अशी हाळी सेकंदास हजार वेळा देतच असतो. फाइव्ह-जीत ही हाळी साधारणपणे सेकंदास पन्नास वेळांवर आणता आली. दोन हाळ्यांमधल्या सवडीत अ‍ॅम्प्लिफायरला झोपविता येते. पाण्याचे बिनतारी मीटरही असेच. दिवसातून एकदा आकडा कळवावा आणि पुन्हा झोपावे, म्हणजे बॅटरी वर्षानुवर्षे टिकते.

म्हणून फाइव्ह-जी काटकसरी झाले, असे मात्र समजू नका. माहितीच्या मानाने त्याला वीज कमी लागते. पण अँटेना पुष्कळ, त्यामुळे एकेका टॉवरची भूक मोठी. शिवाय वस्तू स्वस्त पडली की आपण ती जास्त वापरतो. जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली कोळशाबाबत हेच दाखवून दिले होते.

आपल्या दूरसंचार विभागाने जानेवारी २०१२ मध्ये आदेश काढला, की २०१५ पर्यंत ग्रामीण भागातले निम्मे आणि शहरांतले २० टक्के टॉवर सौर वगैरे विजेची जोड देऊन चालवावेत. आदेश योग्यच होता. एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलो कर्बवायू हवेत जातो. आणि घाटातल्या टॉवरवर ते डिझेल आमची माणसे वीस-वीस लिटरचे कॅन खांद्यावर घेऊन चढवीत.

त्या टॉवरांवर सौर पट्ट्या आल्या, तेव्हा माझेच सहकारी म्हणाले, ‘भाऊ, विरोध करा.’ मी केला नाही. ज्या ओझ्याने माणसाचा खांदा सोलतो, ते ओझे टिकावे म्हणून मी कसा भांडू? आम्ही एवढेच मागितले, की वाचलेल्या डिझेलच्या पैशातून याच माणसांना बॅटरीचे काम शिकवा. तोंडी कबुली मिळाली. पुढे कंत्राटदार बदलला; नऊपैकी तिघांना शिकविले, सहाजण घरी बसले. मागणी लेखी घेतली नाही, ही चूक माझी. त्यांतला एकजण अजून बाजारात भेटतो, नमस्कार करतो, आणि मला त्याच्याकडे नीट पाहवत नाही.

येत्या करारात तीच मागणी आम्ही पुन्हा ठेवीत आहोत. या खेपेस लेखी, आणि कंत्राटदाराकडे नव्हे, टॉवरच्या मालकाकडे.